माझ्या वाटचा चिखल

बाबा,

१. नागभीडहून पहाटे सायकलने निघाले. चामोर्शी गाठून परत नागभीड. दोनशे किलोमीटर, मुदत साडेतेरा तास.
२. पाऊस सुरुवातीपासून शेवटपर्यंत.
३. वैनगंगेच्या पुलाआधी मागच्या ब्रेकचे पॅड झिजून संपले. बदलले.
४. परतताना आरमोरीच्या अलीकडे बायांनी अडवलं.
५. मुदतीत पोचले.

चौथ्या मुद्द्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या वर्षी याच राइडला माझी मुदत थोडक्यात हुकली होती, म्हणून या वेळी चहालाही थांबले नव्हते. सगळा हिशोब जुळत होता. तेवढ्यात डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या सात-आठ बाया बांधावरून थेट रस्त्यावर आल्या. त्यांची धानाची रोवणी त्या दिवशी सरली होती, आणि रोवणी सरली की रस्त्याने जाणाऱ्याला चिखल लावल्याशिवाय त्या सोडत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

"मावशी, मले सोडा नं, वेळ चालला माहा."

"एवढ्या पाण्यात कुठी पळून राह्यली वं? सासरी?"

"लावून काय फायदा, पावसानं धुऊन जाईन. लावता काऊन मंग?"

"लावाले!" म्हातारी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

मी सायकलवरून उतरले. मी हेल्मेट काढून हातात धरलं आहे, गार, गुळगुळीत चिखल कानामागून मानेत उतरतो आहे, आणि मला तुमची सायकल आठवते आहे. मी पुढे दांडीवर, शाळेच्या गणवेशात. अशाच बाया. तुम्ही म्हणालात, "पोरीले नका लावू, शाळेत जाते." त्या म्हणाल्या, "मंग बापाले दोन डाव!" तुम्ही सायकल एका हाताने सावरून गाल पुढे केलात, आधी एक, मग दुसरा. तसेच ऑफिसला गेलात. संध्याकाळी आईने तुम्हाला बाहेर पाटावर बसवून आंघोळ घातली आणि तोंडाचा पट्टा थांबवला नाही.

या वेळी माझ्या वाटचं घ्यायला कोणी नव्हतं. मीच घेतलं. दोन्ही गालांवर.

"जाय आता, पळ!" म्हणत त्यांनी वाट दिली. पुढचा मोहाच्या झाडांमधला रस्ता मी मोठ्याने हसत कापला. पाणी डोळ्यांत, तोंडात, बुटांत. पाय इतके हलके कशामुळे झाले, ते मला मोजता आलं नाही. नागभीडला पोचले तेव्हा मुदतीची अगदी शेवटची मिनिटं उरली होती. राइडच्या कार्डावर पोचल्याचा शिक्का मारणारा माणूस माझ्या मानेकडे बघून म्हणाला, "पडलीस का गं?" मी नाही म्हटलं.

पुढची राइड तीनशेची आहे, येत्या रविवारी. त्याआधी मला एक माहिती हवी आहे. तो चिखल तुम्ही माझ्यासाठी सोसत होतात, की तुम्हालाही आवडायचा? तुम्ही आता नाही आहात आणि हे कुठे पाठवायचं नसतं, हे मला कळतं. मला फार आवडला, एवढं मात्र अजून आईलाही सांगितलेलं नाही.

कृपया शनिवारपर्यंत कळवा.