चोवीस तासांत परत

३ मार्च, दुपार

लहानपणी नदीच्या पुलावर टोलनाका होता. बाबा गाडी थांबवायचे, मागच्या खिडकीतून ताई नाणं द्यायची आणि पावती मी घ्यायची. ताईचा हात लांब, माझा आखूड, म्हणून ही वाटणी. पूल संपेपर्यंत दोघी श्वास रोखून बसायचो. का, ते आता दोघींनाही आठवत नाही.

आज ताईचा फोन आला तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. म्हणाली, पावती तू खायचीस. साफ खोटं.

मग मुद्द्याचं बोलली. घर विकलं. अठ्ठावीस तारखेच्या विमानानं भाचा तिला परदेशी घेऊन चाललाय, कायमची. म्हणाली, आठ दिवस येऊन राहा. कपाटं एकटीनं उघडवत नाहीत गं, एक उघडलं की दिवसभर त्याच्यासमोरच बसून राहते.

मी म्हणाले, निघालेच समज. स्वतः गाडी चालवत येते.

ताईनं दोनदा विचारलं, स्वतः? भारावली असावी. मग म्हणाली, बसनं ये गं बाई.

तीनशे चाळीस किलोमीटर. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, मला एक शहर सापडणार नाही? प्रस्थान: १० मार्च. पक्कं.

४ मार्च, रात्री

नियोजन सुरू. आलेखाचे बारा कागद आणले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, समास आखल्याशिवाय पहिलं अक्षर लिहायचं नाही. सकाळभर समास आखले.

टोलनाके किती? इंटरनेट म्हणतं सहा. ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणतात पाच. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणतात सात, त्यातला एक बंद झालाय, पण माणूस अजून उभा राहतो. हे म्हणाले, जेवढे लागतील तेवढे लागतील. अशा वृत्तीमुळेच लोक हायवेवर अडकतात.

गाडी उत्तम आहे. मी रिटायर झाले तेव्हा चिरंजीवांनी त्यांची जुनी दिली. आजवरचा सर्वात लांबचा प्रवास: दातांचे डॉक्टर, जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. हे म्हणाले, त्यातले दोन पार्किंग शोधताना झाले.

६ मार्च

चिरंजीवांनी टोलचा टॅग कुरियरनं पाठवला. सोबत चिठ्ठी, आई, काचेवर लाव. लावला. पुढच्या काचेतून रस्ता दिसायला हवा, म्हणून मागच्या काचेवर. पट्टीनं मोजून, बरोब्बर मध्यभागी. एक बुडबुडा नाही.

८ मार्च, रात्री ८

मोठा शोध! चोवीस तासांच्या आत परतलं तर परतीचा टोल जवळजवळ अर्धा. सगळे नाके धरून चारशे बारा वाचतात. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

मात्र मेख अशी की चोवीस तास प्रत्येक नाक्याचे वेगळे. घराजवळचा नाका सकाळी पावणेसहाला ओलांडला तर दुसऱ्या दिवशी पावणेसहाच्या आत तिथं हजर पाहिजे. तक्ता केला. ताईकडे पोचणे दुपारी साडेबारा. निघणे रात्री साडेदहा. म्हणजे चक्क दहा तास!

ताईला लगेच फोन लावून तक्ता वाचून दाखवला.  ती म्हणाली, म्हणजे जेवून जाशील ना?

म्हटलं, अर्थात! दोन्ही वेळा. खूश झाली असणार.

१० मार्च

आज रविवार निघाला. रविवारी हायवेवर सगळी हौशी मंडळी असतात. माझ्यासारखीनं त्यांच्यात जाऊ नये. प्रस्थान: १४.

११ मार्च

प्रवासाची खरेदी. सीट कव्हर, मानेची उशी, मोठा थर्मास, काळा चष्मा, डिकीत ठेवायला घडीचं स्टूल. ह्यांनी बिलं मांडली आणि म्हणाले, एवढ्यात तू सहा वेळा टोल भरून गेली असतीस. मी म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. हे म्हणाले, मग स्टूल कशाला? ह्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

१३ मार्च

अजून मोठा शोध. जुना रस्ता! एकही नाका नाही. एकसष्ट किलोमीटर लांब पडतो, पण सगळा माझ्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये छापलेला आहे. आज ह्यांना शेजारी बसवून चाचणी घेतली. पहिले अठरा किलोमीटर विटांच्या ट्रकमागून. ओव्हरटेक करणं मला असभ्य वाटतं. पुढे रस्त्यात खड्डा होता. अ‍ॅटलासमध्ये नव्हता.

चाकाची रिम वाकली. उद्याचं प्रस्थान रद्द. दोष रस्त्याचा.

१५ मार्च

मेकॅनिकनं रिम, टायर आणि खालचं कसलंसं मिळून जे बिल दिलं, ते इथं लिहीत नाही. हात पुसत म्हणाला, बाई, इकडून कशाला गेलात? टोल वाचवायला? हे मोठ्यांदा हसले. पुरुष एकमेकांना फार लवकर सामील होतात.

१७ मार्च

ताईचा फोन. दोन कपाटं झाली. समोरच्या घरातली मदतीला येते, सकाळचं आवरून थेट ताईकडेच. ताईनं विचारलं, आपल्या शाळेचे रिपोर्ट सापडलेत, ठेवू की टाकू? मी म्हणाले, कशालाही हात लावू नकोस, मी आल्यावर दोघी बघू. ती म्हणाली, अगं, सत्तावीसला घराच्या किल्ल्या द्यायच्यात. म्हटलं, मग घाई काय? आज सतराच तर आहे.

ताईला लहानपणापासून घाई. परीक्षेत पेपरसुद्धा वीस मिनिटं आधी देऊन बाहेर येऊन उभी राहायची. माझी वाट बघत.

आणि कसली घाई, म्हणते मी. रिकामं होणारं घरच तर बघायला जायचंय.

१९ मार्च, सकाळ

पहिल्या नाक्याची प्रत्यक्ष पाहणी. दोनशे मीटर अलीकडे गाडी बाजूला घेऊन चाळीस मिनिटं निरीक्षण केलं. नोंदी: एकूण आठ लेन. सगळ्या अरुंद. दांडा वर जातो, पण खाली केव्हा येईल याची पूर्वसूचना नाही. ट्रकवाले उगाच हॉर्न वाजवतात.

हे म्हणाले, आलोच आहोत तर जाऊ या की पलीकडे, तसेच पुढे. ताईला सरप्राइज. मी म्हणाले, कपडे घेतलेले नाहीत. हे म्हणाले, तुझ्या तक्त्यात कपडे बदलायला वेळच कुठे आहे?

गाडी वळवली आणि घरी आलो.

२१ मार्च

प्रस्थान!

२१ मार्च, सकाळी ९.३०

घरी आहे. नोंद शांतपणे करते.

एकटीच निघाले. हे म्हणाले, तू पलीकडे गेल्याचा फोन कर, मी दाढी करतो. नाक्यावर मशीननं टॅग वाचला नाही. बूथमधली मुलगी म्हणाली, टॅग कुठाय काकू? मी मागे बोट दाखवलं. ती म्हणाली, पुढे लावतात. आता रोख भरा, दुप्पट. मी तिला समजावून सांगितलं की दुप्पट ही शिक्षा झाली आणि शिक्षेआधी चूक सिद्ध व्हावी लागते. अकरा मिनिटं समजावलं. मागे रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरून खिडकीशी आला. म्हणाला, आजी, तुमचे मी भरतो, पण पुढे व्हा.

आजी!

अनोळखी माणसाकडून पैसे घेणं आमच्या शाळेत बसत नव्हतं. मी ठामपणे नकार दिला. मग सहा गाड्या मागे घ्यायला लावून, दोन माणसं हात दाखवत असताना, रिव्हर्समध्ये बाहेर आले. रिव्हर्स सुंदर झाला. टोलही वाचला.

२२ मार्च

हे बसनं ताईकडे गेले. सकाळी उठून चहा केला, माझा झाकून ठेवला आणि पिशवी घेऊन म्हणाले, तुझं नियोजन होईपर्यंत मी जरा कपाटं उचलतो. ह्यांना प्रवास झेपत नाही. संध्याकाळपर्यंत परत येतील.

२३ मार्च

आले नाहीत. फोन आला. सहा तासांत पोचले, वाटभर झोपले होते. विचारलं, टोल किती लागला? म्हणाले, टोल? तिकिटातच असेल बहुतेक.

मागून ताईच्या हसण्याचा आवाज येत होता. ह्यांनी काहीतरी सांगितलं असणार. रिव्हर्सचं असेल.

२५ मार्च

चिरंजीव येऊन टॅग पुढच्या काचेवर लावून गेले. वाकडा लावलाय. मी त्यांना म्हणाले, परवा सत्तावीसला भल्या पहाटे निघते. ते म्हणाले, आई, मी नेऊन सोडू? आत्ता बस गाडीत. मी म्हणाले, तुझी रजा फुकट जाईल. शिवाय सोडायला आलास तर तुला परत यावं लागेल आणि माझा तक्ता बिघडेल.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, तुला जायचंय ना नक्की?

काय प्रश्न!

२७ मार्च, सकाळ

धुकं आहे. विरळ आहे, पण आहे. विमान उद्याचं, आणि किल्ल्या द्यायलाही घर घेणाऱ्यांनी उद्यापर्यंत मुदत वाढवून दिलीय. उद्या पहाटे निघून साडेबाराला पोचते. ताई संध्याकाळी विमानतळावर जाईल, तोवर सहा तास मिळतात. सहा तासांत दोन बहिणी पुष्कळ बोलू शकतात.

२७ मार्च, संध्याकाळी ६.४०

ताईचा फोन. म्हणाली, टॅक्सी आली, निघतोय विमानतळावर. म्हटलं, आज कशी? विमान अठ्ठावीसचं ना? ती म्हणाली, हो गं. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी उडतं. म्हणजे अठ्ठावीसच.

तीस वर्षं मी फळ्यावर वर्तुळ काढून शिकवलं, तारीख मध्यरात्री बदलते. हात वर करून उत्तर देणाऱ्या मुलींना चांदण्या दिल्या.

ताई म्हणाली, गाडी जपून चालव हं. मी हो म्हणाले. मग फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. मागे भाचा म्हणत होता, मावशीला तिकडून व्हिडिओ कॉल करू की, चल आता. ताई त्याला म्हणाली, थांब रे, ती निघतेय.

२८ मार्च, सकाळी १०

गाडी झाकून ठेवली. मार्च हा मुळात हायवेचा महिनाच नाही.

हे आज दुपारी किल्ल्या देऊन निघणार. ताईनं जाण्याआधी बसून स्वतःच्या हातानं यादी केली. ती ह्यांनी फोनवर वाचून दाखवली आणि म्हणाले, नीट लिहून घे. घेतली. समास सोडलेला नाही.

शिलाई मशीन – समोरचीला. रोज आली.

फ्रिज, गॅसची शेगडी, सगळे डबे – कामवाल्या बाईंना. डबे झाकणं बघून द्यावेत.

शिडी – खालच्या दुकानदाराला. त्याचीच आहे, नऊ वर्षांपूर्वी आणली होती. माफी मागावी.

पुस्तकं – शाळेला. कुठल्याही.

माझ्या नवऱ्याचा लोकरीचा कोट आणि घड्याळ – भावोजींना. पाच दिवस ओझी उचलली आणि एकदाही उसासा टाकला नाही.

टॅक्सी – भावोजींना आणि ट्रंकेला घरी पोचवायला. भाडं आणि जातायेताचा टोल मी भरला आहे. धाकटीकडून कुणी घेऊ नये, तिला आकडाही सांगू नये.

आईची ट्रंक – धाकटीला. दोघींनी मिळून उघडायची म्हणून शेवटपर्यंत ठेवली होती. आता तिनं एकटीनं उघडावी. आत माझं काही निघालं तर तेही तिलाच.