वर्गाच्या दाराची मूठ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आणि तुझ्या कपाटातले टॉवेल अजून उंचीप्रमाणे रांगेत असतात का? इकडे आम्ही तिघंही ठणठणीत. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला पाच महिने लागले असं तुला वाटत असेल, पण तो गैरसमज आहे. उत्तर मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. ते परवा हत्यारांच्या पेटीत कानशीखाली सापडलं. त्यात तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्या आता पुढच्या वर्षासाठी धर. तुझ्याकडे एक काम आहे, पण आधी शाळेत काय झालं ते ऐक, नाहीतर ते काम ऐकून तुला वाटेल, याला अचानक काय झालं.

भिंगरी आता नऊ वर्षांची झाली. (हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा तुझ्या भाचीबद्दल तक्रार करायला तुला जागा नाही.) पाठ केलेली कविता ती घडाघडा म्हणते, पण एका बुटाची नाडी बांधून झाली की दुसरा पाय तिला आठवत नाही. गणितं बरोबर सोडवते आणि वही बसमध्ये ठेवून येते. तुझी भावजय पडली नर्स, तिचा तक्त्यांवर फार विश्वास. तिने दाराच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवली: किल्ल्या, चष्मा, डबा, भिंगरी. यादी भिंगरीसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. पहिल्याच दिवशी मी तीन गोष्टी आठवणीने घेतल्या, ऐटीत स्कूटरला किक मारली, आणि दोन चौक ओलांडल्यावर मागून बडबड का येत नाही म्हणून वळून पाहिलं. परत आलो तर ती पायरीवर बसून एका बुटाची नाडी बांधत होती. मी गेलो होतो हे तिला कळलंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही एकमेकांना माफ केलं आणि घरी काही बोललो नाही.

तर गेल्या पंधरवड्यात तिच्या बाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं. चार वाजता. मी चारला पाच कमी असताना वर्गात हजर! तुझी भावजय माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी चुकीच्या शाळेत आलोय. बाईंनी वही उघडली, भिंगरी मान खाली घालून बसली, बाई म्हणाल्या, "हिचं कुठलंच काम पुरं होत नाही," आणि नेमकी तेव्हाच माझी नजर दाराच्या मुठीवर गेली. मूठ लटपटत होती. ताई, वीस वर्षं मी कुलपं दुरुस्त करतोय. समोर लटपटती मूठ असताना मला दुसरं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, माझं दोन मिनिटांचं काम आहे. मूठ काढली, आतला दांडा काढला, एक स्क्रू कमी होता तो आणायला स्कूटरपाशी निघालो. माझ्यामागे वाऱ्याने दार लागलं.

आता ज्या दाराची मूठ आणि दांडा माझ्या खिशात, ते दार आतून उघडणार कसं? हे मला सुचायला हवं होतं. (सगळ्या गावात ते सुचायला हवं असा एकच माणूस होता.) पण वाटेत पहारेकऱ्याचं कुलूप अडकलेलं दिसलं. ते सोडवलं. मग कार्यालयातल्या एका कपाटाची किल्ली फिरत नव्हती. तिथल्या बाईंनी चहा दिला. कपाटात तीन वर्षांपूर्वी हरवलेलं हजेरीपुस्तक सापडलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. चाळीस मिनिटांनी मी खुशीत शीळ घालत वर्गापाशी आलो. मुठीच्या जागी पडलेल्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघत होता. भिंगरीचा.

"बाबा," डोळा म्हणाला, "तू स्क्रू आणायला गेला होतास ना?"

स्क्रू मी आणलाच नव्हता.

दार उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि वही मिटली. पुढे त्या खरंच मायेने बोलल्या. मूल आळशी नाही, लक्ष एका जागी टिकत नाही, याला एडीएचडी म्हणतात, डॉक्टरांना दाखवा, मदत मिळते.

परतताना भिंगरीने विचारलं, "मी बिघडलेय का?" अशा वेळी बापाने काहीतरी शहाणपणाचं बोलावं. मला एवढंच सुचलं की, नाही गं, मीही लहानपणी असाच होतो. तर म्हणाली, मग तू का नाही गेलास डॉक्टरांकडे? आणि मग म्हणाली, तू दाखवलंस तर मी दाखवेन.

खरं सांगतो, मला रडू आलं. तुला आठवतं, मी किती वेळा वर्गाबाहेर उभा असायचो? सगळे म्हणायचे मुद्दाम करतो, आणि पुढे पुढे मलाही वाटायला लागलं की मी मुद्दामच करत असणार. माझं दप्तर तू भरायचीस. माझी वही राहिली की धावत आणून द्यायचीस आणि घरी सांगायचीस, आज हा काही विसरला नाही. ते उपकार मी विसरलो नाही. (एवढंच एक.)

घरातल्या सगळ्यांना नमस्कार सांग. बाकी काही विशेष नाही.

तुझा धांदरट धाकटा

ता. क. काम सांगायचं राहिलंच! आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझी तपासणी पुरी व्हायला मला लहानपणी ओळखणाऱ्या माणसाने एक फॉर्म भरून द्यावा लागतो. असं माणूस आता तूच. फॉर्म सोबत जोडला आहे. पुढच्या गुरुवारच्या आत पोचव.

ता. ता. क. फॉर्म सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं.

ता. ता. ता. क. सापडला. पान उलट. हे सगळं पत्र मी त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलंय. म्हणजे आता डॉक्टरही हे वाचणार. हरकत नाही, त्यांचा वेळ वाचेल.

आत्या, मी भिंगरी. बाबा पाकीट आणायला गेलाय आणि बाहेर कुणाच्या तरी फाटकाची कडी बसवतोय, म्हणून पाकीट मीच शोधलं. तिकीट लावलंय. चारही पानं मोजलीत, दोनदा. मीच टाकून येते. तू फॉर्ममध्ये खरं लिही हं. बाबा म्हणतो, तू त्याला नेहमी वाचवायचीस. या वेळी वाचवू नकोस, नाहीतर मी एकटीच राहीन.