चंद्रावर गेलेला गोळा आणि इवारची ताठ मान

मी, इंग्रिड लिंडक्विस्ट, वय एकाहत्तर, राहणार वूस्टर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणायला आलेले लोक कसे परत गेले, ते माझे वकील लोवेलसाहेब जाणतात.

घर आणि बाग माझ्या भावाची मुलगी कारिन हिला. सफरचंदाचं झाड तोडू नये. फळं आंबट आहेत, मला ठाऊक आहे.

तळघरातली प्लास्टरची डोकीही कारिनलाच. मी आणि तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ इवार, एकाच कारखान्यात अंतराळवीरांची हेल्मेटं बेतायचो. इवार प्रत्येकाच्या डोक्याचा साचा घेऊन प्लास्टरचं डोकं ओती आणि त्यावर घट्ट हेल्मेट बसवी. डोकं वळलं की तेही वळे. मी म्हणायचे, "अरे, खिडकीतून बघायला माणूस अख्खं घर फिरवतो का?" मी पारदर्शक प्लास्टिक तापवून हेल्मेटसाठी मोठा पोकळ गोळा फुगवला, आत डोकं मोकळं फिरे. इवार म्हणाला, "तुझं हे माशांचं भांडं चंद्रावर नेणार कोण?"

नेलं. त्या दिवसापासून इवार माझ्या घरी आलेला नाही. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो, पण मान माझ्याकडे वळवत नाही. रागाने त्याने फेकलेली ती डोकी मी उचलून आणली. त्यांचे कान फार सुबक उतरले आहेत. असे कान मला कधीच जमले नसते.

माझा पहिला गोळाही कारिनला. संग्रहालयाला देऊ नये, ते कपाटात बंद करतील.

इवारला मी काहीही देत नाही. लोवेलसाहेब दचकले, "अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"म्हणूनच. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं तुम्हीच म्हणालात ना? मला त्याची सही हवी आहे. मी जिवंत असताना तो या घरात यायला हवा."

मी निरोप पाठवला: तुला फुटकी कवडी मिळणार नाही, सही करायला ये, कॉफी ठेवते.

इवार आज आला. हे सगळं त्याला वाचायला दिलं. त्याने टेबलावरचा गोळा उचलून डोक्यात घातला, आधी खिडकीकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे. आतून काही बोलला, ते ऐकू आलं नाही. गोळा काढून पुन्हा म्हणाला, "ऐसपैस आहे गं."

माझी सही: इंग्रिड लिंडक्विस्ट
वूस्टर, १४ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार:
मिल्ड्रेड गॅरिटी, शेजारीण
इवार लिंडक्विस्ट, भाऊ (सहीआधी यांनी कानांचं वाक्य दोनदा वाचलं.)