आतली पट्टी

प्रिय ठमे,

एकतीस वर्षांच्या, नोकरीवाल्या बाईला ठमी काय म्हणतेस, असं तुझे बाबा आत्ताच म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून गेले. म्हणणारच. तुझं पत्र येऊन आज चार दिवस झाले. एरवी आपण फोनवर बोलतो, तरी तू पत्र लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही. उत्तर मी तीनदा लिहायला घेतलं. पहिलं फाडलं, दुसऱ्यात नुसता उपदेश झाला, तिसऱ्यावर बाबांनी चहाचा कप ठेवला. हे चौथं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्यावर तुझ्या मनातली आई तशीच राहील की नाही, मला ठाऊक नाही. पण हे पुरं करून आजच टपालात टाकीन, असं प्रभूला सांगून बसले आहे. त्यामुळे आता पळवाट नाही.

तुझं पत्र मला जवळजवळ पाठ झालं आहे. तुमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी यंत्रावर आधी एक ठरलेला नमुना लावून बघतात आणि त्याचा आकडा बरोबर आला तरच लोकांचं रक्त तपासायला घेतात. त्या दिवशी आकडा थोडा जास्त आला. बाहेर रांग लागलेली. नंतर परत लावून बघू, असं म्हणून तू पुढे गेलीस. दुपारी लावून बघितलंस तर यंत्र सकाळपासून सगळ्यांची साखर वाढवून दाखवत होतं, आणि तोवर त्रेचाळीस जण आपापले अहवाल घेऊन घरी गेले होते. सकाळचा आकडा तूच बघितलेला, तूच लिहायचा होतास. बरोबरचा लिहिला असतास तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि तू उठून सरळ साहेबांच्या खोलीत गेलीस. मग त्रेचाळीस जणांना स्वतः फोन केलेस. त्यातल्या एका आजोबांनी दोन तासांपूर्वीच गोड कायमचं सोडलं होतं आणि सगळ्या घराला तसं जाहीरही केलं होतं, म्हणून ते तुझ्यावरच चिडले, हे वाचून मला हसू आलं. पुढचं वाचून हसू गेलं. साहेब म्हणाले, लोकांना फोन करायच्या आधी मला तरी विचारायचंस. आता सोमवारी बैठक आहे, तोवर घरी बसायचं, आणि नोकरी राहते की जाते ते तेव्हाच कळणार.

हे सगळं मी ओट्याशी उभी राहून वाचलं आणि मग तिथेच स्टुलावर बसले. बाबांचा चष्मा मोडून गादीखाली लपवणारी आणि वर त्याच गादीवर साळसूदपणे लोळणारी ती हीच का, असं मनात आलं. अंगावर काटा आला गं. मोठं बक्षीस मिळवून आलेल्या मुलांचे आईबाप मी पाहिले आहेत, त्यांचा चेहरा कसा फुलतो तेही पाहिलं आहे. माझं तसं झालं नाही. मला भीती वाटली, चांगल्या अर्थाने. देवळात वेदीपुढे एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी. आणि तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. त्या ओळीकडे नंतर येते.

आधी माझी बातमी. आपल्या चर्चच्या पाळकबाईंनी मला येत्या रविवारी, उपासनेनंतर, तरुण संघापुढे बोलायला सांगितलं आहे. विषय काय, तर रोजचे निर्णय शहाणपणाने कसे घ्यावेत आणि त्यातून माणूस कसा घडतो. लहान तोंडी मोठा घास, पण नाही कसं म्हणणार? दिनदर्शिकेच्या जुन्या पानांच्या मागे मी मुद्दे काढायला बसले. भुकेल्या पोटी, रागात किंवा घाईत काही ठरवू नये. ज्याचा आपल्या 'हो'मध्ये काही फायदा नाही अशा एका तरी माणसाला विचारावं. आपण आधीच ठरवून टाकलेल्या गोष्टीवर प्रभूची सही घ्यायला जाणं म्हणजे प्रार्थना नव्हे, हात रिकामे घेऊन जावं आणि तो काय म्हणतो ते ऐकावं. मोठ्या परीक्षा आयुष्यात दोन-तीनच येतात, लहान मात्र रोज येतात, आणि त्या परीक्षा आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. हे वाचून बाबा म्हणाले, छान आहे, पण मुलं झोपतील, काहीतरी तुझ्या कामातलं सांग. म्हणून मी वाफेच्या खोलीबद्दल सांगायचं ठरवलं.

ती खोली तू लहानपणी दारातूनच पाहिलीस, आत कुणाला येऊ देत नसत. इस्पितळाच्या तळमजल्यावर आम्ही सहा जणी. वरून शस्त्रक्रियेची अवजारं यायची, ती धुवायची, मोजायची, संच लावायचा, दुहेरी कापडात बांधायचा आणि वाफेच्या यंत्रात घालायचा. बांधलेल्या संचावर बाहेरून एक चिकटपट्टी असते, ती तापली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. नव्या मुलींना वाटतं, पट्टे आले, झालं काम. पण ते नुसतं एवढंच सांगतात की हा संच यंत्रात जाऊन आला. वाफ आतपर्यंत, पुरेसा वेळ पोचली का, हे सांगते आतली पट्टी. ती यंत्राच्या मधोमध ठेवलेल्या चाचणीच्या गाठोड्यात, कापडाच्या घड्यांच्या पोटात असते. गाठोडं उघडून तिचा रंग पुरा बदललेला बघायचा, ती नोंदवहीत चिकटवायची आणि मगच संच वर पाठवायचे. तीस वर्षं मी हे केलं, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा ते गाठोडं उघडताना मला नवल वाटत होतं. बंद, काळोख्या जागेत, कुणी बघत नसताना काय झालं, ते त्या कागदाच्या तुकड्याला माहीत असायचं.

आता ती गोष्ट. तुला ती ठाऊक आहे, निदान तुला तसं वाटतं. तू सहा वर्षांची होतीस आणि त्या दिवशी साडेचारला तुमच्या शाळेचं नाटक होतं. तू झाड झाली होतीस. झाडाला एकच वाक्य होतं आणि ते तू आठवडाभर आमच्या डोक्यावर बसून म्हणत होतीस. मला वेळेत सुटायचं होतं, म्हणून दोन खेपांचे संच मी एकाच खेपेत दाटीवाटीने कोंबले. इतके खेटून ठेवले की वाफेला वाट मिळाली नाही. बाहेर काळे पट्टे छान उमटले. मी गाठोडं न उघडताच पाच संच वर पाठवले, त्यातले दोन संच चार वाजताच्या शस्त्रक्रियांसाठी आणि तीन राखीव. मग गाठोडं उघडलं. पट्टी अर्धी फिकीच होती. तेव्हा साडेतीन वाजले होते.

इथपर्यंत तुला सांगितलं ते सगळं खरं आहे. पुढचं खरं नाही, ठमे. शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत मी तीन मजले धावत गेले नाही. जिन्याच्या पायथ्याशी गेले, कठड्यावर हात ठेवला आणि पहिली पायरी चढले नाही. वरची मोठी सिस्टर फाडून खाईल असं वाटलं, नोकरीचं वाटलं आणि सगळ्यात जास्त त्या नाटकाचं वाटलं. मन म्हणालं, आधी नाटक होऊ दे, मग बघू. मी खाली आले. फिकी पट्टी मोरीत टाकून पाणी सोडलं आणि आदल्या खेपेची जास्तीची पट्टी, पुऱ्या रंगाची, नोंदवहीत चिकटवून खाली सही केली. साडेचारला मी पहिल्या रांगेत बसले होते. तू फांद्या वर करून तुझं वाक्य म्हटलंस आणि मला शोधलंस, आणि मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी कापड विरलं आहे असं खोटं सांगून राखीव तीन संच परत मागवले. पण दोन वापरले गेले होते. मग काही ना काही निमित्त काढून मी रोज त्या दोघा रुग्णांना बघायला जाऊ लागले. एक ट्रक चालवणारा होता. मी येता-जाता ताप आहे का विचारायची, तर म्हणाला, ताई, घरच्यांनी इतकी चौकशी केली नाही कधी. दुसरी शिवणकाम करणारी बाई होती, ती पाय जरा दुखला असं म्हणाली तरी मी तिचा तापाचा तक्ता उघडून बघायची. आठव्या-नवव्या दिवशी दोघंही आपल्या पायांनी चालत घरी गेली. मी फाटकाशी उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. मला वाटलं, सुटले. प्रभूने झाकलं म्हणजे प्रकरण मिटलं. ती कृपा होती, परवानगी नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्यानंतर कामात मी इतकी कडक झाले की मुली मला पाठीमागे फौजदार म्हणत. लोक त्याला चोखपणा म्हणायचे. ती भीती होती.

आणि मग चष्म्याचा दिवस आला. बाबांचा चष्मा सापडेना, तू काही बोलेनास, आणि मला तर गादीखाली तो कधीच सापडला होता. मी तुझी वेणी घालत होते. रागावण्यापेक्षा काही सांगावं म्हणून म्हटलं, एकदा आईच्या हातूनही कामात फार मोठी चूक झाली होती. तू विचारलंस, मग तू काय केलंस? माझ्या हातात कंगवा होता, ठमे. खरं सांगायला तो केसांतून एकदा फिरवण्याएवढाही वेळ लागला नसता. मी म्हटलं, धावत तीन मजले चढून गेले आणि सगळं सांगून टाकलं. तू अर्धी वेणी तशीच सोडून वळलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तसं तोवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मग तू उठलीस, चष्मा काढून आणलास आणि बाबांच्या पुढे नेऊन धरलास. ती गोष्ट तू बाबांना सांगितलीस, रविवारच्या शाळेतल्या बाईंना सांगितलीस, पुढे ती साऱ्या मंडळीत पसरली. पंचवीस वर्षं तुम्ही सगळे मला तो जिना चढवत आहात, आणि मी चढते आहे.

पाळकबाईंनाही तीच गोष्ट हवी आहे. ती आम्ही मुद्द्यांच्या मागे लिहूनही ठेवली होती, मी आणि बाबांनी मिळून. मग तुझं पत्र आलं आणि शेवटची ओळ होती, 'आई, मी काही मोठं केलेलं नाही, तू केलंस तेच केलं.'

चार दिवस मी त्या ओळीभोवती फिरते आहे. तुला हे बळ आलं कुठून? मी दिलेली वीट कच्ची होती, आणि तिच्यावर उभी राहिलेली भिंत मात्र खरी निघाली. हे माझं काम नव्हे, एवढं मला पक्कं कळतं. कापडाच्या सगळ्या घड्यांमधून वाफ आत शिरावी तसा प्रभू तुझ्यात शिरला, माझ्या खोटेपणातूनसुद्धा, आणि तुझी आतली पट्टी पुरी रंगली. ते बघून त्याच्या पुढे नुसतं बसून राहावंसं वाटतं. सोमवारी ते काय ठरवायचं ते ठरवोत. नोकरी गेली तर घरी ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे.

परवा मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, आधी तिला लिही. मन म्हणत होतं, पोरीची बैठक होऊ दे, मग सांगू. तेव्हा मला आवाज ओळखीचा वाटला. जिन्याच्या पायथ्याशी ते हेच म्हणालं होतं. रविवारी मी मुलांपुढे खरी गोष्ट सांगणार आहे. त्याआधी, उद्या सकाळी, इस्पितळात जाणार आहे. मोठ्या सिस्टर आता नाहीत, त्यांच्या जागी कुणी तरुण बाई आहेत म्हणे. त्यांनी ऐकून काय करायचं ते करावं. तिथे लिफ्ट झाली आहे, पण मी जिन्याने जाईन. आणि या दोन्हींच्याही आधी हे तुला लिहिते आहे, कारण तो जिना मी पहिल्यांदा खोटा चढले ते तुझ्यासमोर. तू केलंस तेच मी केलं, असं तू लिहिलंस. ते तसं नव्हतं, बाळा. आता तू केलंस ते मी करायला निघाले आहे.

तुझीच,
गुडघ्याला पट्टा बांधून तयार असलेली
आई