मासे वाळवायची चटई

वरोरा,
९ फेब्रुवारी २०२६

ती. गोकुळामावशींना अंजुमचा सलाम. वि. वि.

अम्मी, म्हणजे तुमच्या अमिना नर्सबाई, जाऊन चाळीस दिवस झाले. तिची पेटी उघडली. आत लाल साबणाच्या वड्या आणि तुम्ही दिलेली सिंदीची चटई. नमाजासाठी मखमली जानमाज मी दोनदा आणला, तिने घडीही मोडली नाही. शेवटपर्यंत हीच फाटकी चटई. हिला अजून मासळीचा वास येतो.

एक विचारते, रागावू नका. मी आठ वर्षांची असताना नानीकडे राहायची. अम्मीची नोकरी भामरागडला. ईदला नक्की येते, असा तिचा निरोप होता. मी नवा फ्रॉक घालून दारात बसले. ती चार दिवसांनी आली. म्हणाली, गोकुळाकडे अडकले. एवढंच. आज पन्नाशीची झाले तरी ते दार मनातून जात नाही. त्या दिवशी तिला माझी आठवण तरी झाली होती का? खरं तेच लिहा.

आपली,
अंजुम

भामरागड,
१९ फेब्रुवारी २०२६

चि. अंजुमले गोकुळाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुही चिठ्ठी भेटली. मी तिसरीपर्यंतच शिकली, म्हणून अक्षर पाण्यातल्या डोंग्यावानी हालते. पोरं म्हणते फोन कर. इथी रेंज कुठी राह्यते?

आधी गोड बातमी. माह्या चैतूच्या लेकीले, दिव्यानीले, पोरगी झाली! मी पणजी झाली! नाक मात्र आमच्या म्हाताऱ्यावर गेलं, आता काय करता.

तर ईदचं. तवा हाच चैतू माह्या पोटात अडला होता. पर्लकोटा नदी दोन्ही थड्या भरून वाहे. ईदच्या आदल्या दिशी तुही अम्मी थैली घेऊन वरोऱ्याले निघालीच होती, माह्या सासऱ्यानं तिले वाटेत गाठलं. ती त्याच पावली डोंग्यात बसली. ईदचा दिवस उजाडला, अन् तोंडात शेवईची काडी नाई. चैतू निळा पडून निघाला, रडेच ना. तिनं त्याच्या तोंडात फुंकलं. फुंकतच राह्यली. सासू म्हणे सोड बाई, गेलं ते. ती आयके ना. अन् तो बोंबलला! आजबी तसाच बोंबलते, त्याच्या बायकोले विचार.

मंग तिनं साबणानं हातपाय धुतले. घरात कोरडी एकच वस्तू, मासे वाळवाची चटई. मी म्हटलं बाई, वास येते. ती म्हणे, देवाले नाई येत. डोकं टेकवलं, हात पसरून रडली. उभ्या जल्मात मी तसं मागणं पाह्यलं नाई. बाजेवरून विचारलं, कोणासाठी मागता? तर म्हणे, माही अंजुम दारात बसली असन.

आमच्या बायकाइले वाटलं, डोकं टेकवणंबी बाळंतपणातलंच काम हाय! मंग कुठीबी बाळंतपण झालं का सासवा मावळतीकडे डोकं टेकवाले लागल्या. नर्सबाईले समजलं तवा लय हासली. म्हणे टेकवा, पण आधी साबणानं हात धुवा. घरोघरी वडी देल्ली. बायका म्हणे, टेकवून बोलाचं काय? ती म्हणे, माह्या अंजुमसाठी मागा, तिची ईद मी तुमाले देल्ली.

तवापासून गावात लेकरू झालं का पह्यलं मागणं तुह्यासाठी. परवा दवाखान्यात मी टेकवलं, तर नवी सिस्टर म्हणे आजी, हे काय? म्हटलं, तुमच्या शिकण्यात राहून गेलं वाटते.

लोभ मी काय मागू? तो तुही अम्मी लावून गेली.

तुही,
गोकुळामावशी

वरोरा,
२ मार्च २०२६

ती. मावशीला अंजुमचा सलाम. वि. वि.

पत्र दारात बसूनच वाचलं.

या ईदला मी भामरागडला येते. चटई आणते. दिव्यानीच्या पोरीसाठी मला मागायचं आहे. साबणही आणते, आधी हात धुवायचे ना.

माझ्यासाठी मागणं थांबवू नका.

तुमची,
अंजुम