अर्ध्यावर तुटलेल्या गाण्याची पैज

उस्ताद, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी शब्द चुकेल, तुम्ही हसाल, हीच धास्ती. पण आज हात थांबत नाही. आपल्या कॅसेटमधल्या शेवटच्या गाण्याचा शेवट सापडलाय!

वाळूजच्या कारखान्यात तुम्ही मला हात धरून लेथ मशीन चालवायला शिकवलं आणि जेवणाच्या सुट्टीत ती इंग्रजी कॅसेट ऐकवली. शब्द दोघांनाही कळत नव्हते. दुकानदारानं मावेल तेवढं भरून दिलेलं, त्यामुळे शेवटचं गाणं गिटार चढत असतानाच खाडकन तुटायचं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं, शिफ्टची बस आली नाही, त्या दिवशी मी तुमच्या पडेगावच्या घरी अडकलो. चुलीपाशी आपण पिठलं-भाकरी खातोय, गाणं तुटतं आणि तुम्ही परातीवर बोटं वाजवत म्हणता, "इथून पुढं नुसता ड्रम. गाणारा येत नाय."

"येतो की," मी म्हणतो.

"लाव पैज. हरलास तर तुझ्या घरी जेवण, तुझ्या आईच्या हातचं."

"आन् तुम्ही हरलात तर?"

"मी हरत नसतो. खा गुमान."

तुम्ही मोर्चात पुढं असायचात. आमच्या गावात नामांतराचा विषय निघाला की माणसं उठून जायची. आईला पैजेचं सांगितलं, तर ती मागं न वळताच म्हणाली, "जिंकला तर ये म्हणावं. आधी जिंकू तर दे!" तुटलेल्या गाण्यात कुणीच जिंकू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. "लई हुशार हाय तुझी आई. वकील व्हायची ती!" पुढं पैज तशीच राहिली आणि तुम्हीच जग सोडून गेलात.

काल नातीनं तो तुकडा फोनला ऐकवला आणि फोननं गाणं ओळखलं! त्या बँडची जुनी तबकडी आता साफसूफ करून पुन्हा काढलीय. त्याच गाण्यांची तेव्हा वेगळ्या तऱ्हेनं रेकॉर्ड करून बाजूला ठेवलेली रूपंही त्यात घातलीत. काय आवाज, उस्ताद! बोटं तारेवर घासलेली ऐकू येतात. नातीनं आधी ते बाजूला ठेवलेलंच लावलं. गिटार चढली, आपली जागा ओलांडली आणि गाणारा आला! मी जिंकलो आणि नातीचा हात धरला. म्हटलं, "बाई, ते तेव्हा बाजारात आलेलं लाव. खरं ते." लागलं. गिटार थांबली. नुसता ड्रम, थेट तुमच्या परातीसारखा. "हरलो!" मी असा ओरडलो की सून बीपीची गोळी घेऊन धावत आली.

तर जेवायला या. आई नाही, पण तिचा शब्द आहे. सून येसराचा मसाला घालून झकास रस्सा करते. हा कागद कुठं टाकायचा ते कळत नाही, म्हणून घडी घालून कॅसेटच्या डबीत ठेवतोय. एक सांगायचं राहिलं. गाणारा येत नाही असं तेव्हा मलाही वाटत होतं. तरी "येतो" म्हटलं, कारण हरल्याशिवाय तुम्हाला घरी बोलवायची दुसरी वाट मला दिसत नव्हती. कोणत्या दिवशी येताय, तेवढं लवकर कळवा.