मेजर्दाच्या खालच्या गावी

सूक अहरास, अल्जीरिया
१२ मार्च १९८१

मबरूकाआई, सलाम.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे थंडीत धरतात, एवढंच. तुम्ही पाठवलेली सुक्या अंजिरांची माळ भिंतीला टांगली आहे. आई येताजाता एक तोडते आणि नाव माझं घेते.

तुमच्या मोंजीने मेजर्दा नदीचं मोजमाप पार उगमापासून करून नेलं, हे त्याने सांगितलंच असेल. खमीसाच्या डोंगरात ती एका उडीत ओलांडावी एवढीशी आहे. मग आमच्या गावाखालून दरी कापत सरहद्दीपार जाते आणि तुमच्या घारदिमाउत ऐसपैस होते. मोंजी मी शिकवते त्या शाळेत नकाशा मागायला आला तेव्हा मी म्हटलं, "नदी आमची आहे."

"उगम तुमचा," तो म्हणाला. "गाळ सगळा आमच्याकडे पाठवता."

तेव्हापासून आमचं बोलणं कधी संपलंच नाही.

मोंजीसाठी मला मागणी घालणारं तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तुमचं नाव आलं तशी तिने हातातली परात खाली ठेवली.

"घारदिमाउची मबरूका? नवरा रेल्वेत होता तिचा? हनुवटीवर गोंदण?"

मी हो म्हटलं. मग तिने सांगितलं. स्वातंत्र्याच्या लढाईतल्या एका हिवाळ्यात, अकरा दिवसांची मी पाठीशी, ती नदीच्या कडेकडेने तीन दिवस चालली. पलीकडे पोचली तेव्हा तिचं दूध आटलं होतं आणि मी रडेनाशी झाले होते. तुम्ही दार उघडलंत आणि काही न विचारता मला पदराखाली घेतलंत. वर्षभर पाजलंत. तुम्ही मला झीना म्हणायचात, म्हणून वर्दा हे माझं खरं नाव तुम्हाला ओळखू आलं नसेल.

"आणि त्यांचं मूल?" मी विचारलं.

"एका अंगाला तू, एका अंगाला तो. सारखे एकमेकांचे केस ओढायचात."

आठ दिवस मी हे पत्र लिहिलं नाही. आईवर चिडले, तुमच्यावरही. मग वाटलं, त्या दिवशी ते दार उघडलं नसतं, तर चिडायला मी उरलेच नसते. आई, तुमचे उपकार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

तुम्हाला वाचता येत नाही. हे मोंजीच वाचतो आहे. मोंजी, थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच. आपल्या धर्मात एका दुधावरच्या भावंडांचं लग्न होत नाही.

ईदला आम्ही दोघी तुमच्याकडे येतो. आईला तुम्हाला पोटाशी धरायचं आहे. स्टेशनवर मोंजीलाच पाठवा. मला पहिल्यांदा जड जाईल, पण हाक मी भाऊ म्हणूनच मारीन.

तुमच्या दुधावर वाढलेली मुलगी,
मोंजीची बहीण,
झीना